सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स

‘जीवनसत्त्व’ हा शब्द आज प्राथमिक शाळेतील मुलांच्याही परिचयाचा आहे. त्या ज्ञानाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या हॉपकिन्स यांचा जन्म २० जून १८६१ रोजी इंग्लंडमधील ईस्टबोर्न येथे झाला. शैशवातच पितृछत्र हरपले. शाळा सुटल्यावर १७व्या वर्षी त्यांनी विमा कचेरीत नोकरी धरली, नंतर रासायनिक विश्लेषकाकडे उमेदवारी केली. वैद्यकीय शिक्षणास आरंभ केला तेव्हा ते २७ वर्षांचे होते.

१८९८ मध्ये ते केंब्रिजला अध्यापनासाठी गेले. प्रथिनाच्या द्रावणात ॲसेटिक आम्ल आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घातले की जांभळा रंग येतो, हा तेथील वर्गातील नेहमीचा प्रयोग. एका विद्यार्थ्याला तो रंग काही केल्या येईना. हॉपकिन्स यांनी त्याला दोष दिला नाही. त्यांनी आम्लच तपासले. रंग येतो तो ॲसेटिक आम्लात भेसळीने असणाऱ्या ग्लायऑक्झिलिक आम्लामुळे, हे त्यातून उघड झाले. मग प्रथिनातील कोणता घटक हा रंग देतो, याचा शोध सुरू झाला आणि १९०१ मध्ये सिडनी कोल यांच्यासह त्यांनी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल शुद्ध रूपात वेगळे केले.

मक्यातील झीन या प्रथिनात ट्रिप्टोफॅन नसते. केवळ त्यावर पोसलेले उंदीर लवकर मरत. ट्रिप्टोफॅनची जोड देताच अधिक जगत. याच रेणूतील जोडवलय सुमारे २८० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण प्रकर्षाने शोषते. टायरोसीनही ते शोषते, परंतु कमी. म्हणूनच डोळ्यांना रंगहीन दिसणाऱ्या द्रावणात प्रथिन किती आहे, हे आज प्रयोगशाळांत या किरणांच्या शोषणावरून मोजता येते.

१९१२ मध्ये त्यांनी आहारातील पूरक घटकांचे महत्त्व सिद्ध केले; १९२९ मध्ये आइकमन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्त्रियांना संशोधनाची दारे बहुधा बंद असताना त्यांच्या विभागात त्यांना स्थान होते. इंदूरच्या कमला भागवत, म्हणजेच पुढील कमलाबाई सोहोनी, यांनी तेथेच संशोधन करून १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. १६ मे १९४७ रोजी हॉपकिन्स निवर्तले.

विद्यार्थ्याचे उत्तर चुकले असता आपण शिक्षक प्रथम काय तपासतो, हा प्रश्न त्यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवते.