डॉक्टरांचे हात तपासणारे सेमेलवाइस

डॉक्टरांनीच हात धुवावेत, असे सांगणे एके काळी गुन्ह्यासारखे होते. इग्नाझ सेमेलवाइस यांचे सारे आयुष्य त्यापायी खर्ची पडले.

१८१८ साली हंगेरीतील बुडा शहरात एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८३७ साली ते व्हिएन्नाला गेले ते कायदा शिकायला; पुढे वैद्यकाकडे वळले. आम्हा वकिलांचा एक पुरावेबाज सहकारी गेला, एवढेच म्हणतो.

१८४६ साली ते व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात प्रसूती विभागात सहायक झाले. तेथे बाळंतपण फुकट. बदल्यात बाईने शिकाऊ हातांकडून तपासून घ्यायचे. मग येणार कोण? गोरगरीब, निराधार, लग्नाविना गरोदर राहिलेल्या स्त्रिया. पहिल्या कक्षात डॉक्टर व विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. त्या वर्षी बाळंतज्वराने पहिल्या कक्षात शंभरातील अकरांहून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तीनही नाहीत. बायांना हे ठाऊक होते. पहिल्या कक्षात टाकू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवत. रस्त्यात बाळंत झालेल्या बायासुद्धा त्या कक्षातल्यांपेक्षा जास्त वाचत. आमच्या मते निम्मा शोध या निनावी बायांचाच आहे. त्यांची साक्ष कुणी नोंदवली नाही, इतकेच.

प्रस्थापित डॉक्टर दूषित हवेला दोष देत. पण हवा तर दोन्ही कक्षांत एकच! मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइस यांचे प्राध्यापक मित्र कोलेच्का शवविच्छेदनात बोटाला सुरी लागून वारले आणि त्यांच्या देहात बाळंतज्वराचीच लक्षणे सापडली. कोडे सुटले. डॉक्टर प्रेते चिरून थेट बाळंतिणींकडे येत; सुईणी प्रेतांना हात लावत नसत. साबणाने धुऊनही हाताचा वास जात नव्हता, म्हणून मे महिन्यात त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात अठरा मृत्यू होते, जूनमध्ये दोनच्या आसपास उरले.

एवढा आकडा कोणत्याही न्यायालयाला पुरला असता. पण सभ्य, विद्वान माणसाचा हात मृत्यू वाहतो, हे प्राध्यापकांना कसे पचावे? १८४९ साली त्यांची मुदत वाढवली गेली नाही. ते पेस्टला परतले. तेथील सेंट रोखुस इस्पितळात त्यांनी मृत्यू शंभरात एकाच्याही खाली आणले, तरी व्हिएन्ना ढिम्म.

त्यांचेही चुकले. जंतूंचा सिद्धांत तेव्हा प्रस्थापित झाला नव्हता, त्यामुळे लेखी मांडणी अधिक निकडीची होती. पण ग्रंथ आला तो थेट १८६१ साली. मग मात्र त्यांनी जाहीर पत्रांतून नामवंत प्राध्यापकांना खुनी ठरवले. अशाने पक्षकार हरतो.

पुढे त्यांचे मन ढासळले. जुलै १८६५ मध्ये त्यांना फसवून व्हिएन्नाच्या वेड्यांच्या इस्पितळात नेले गेले. तेथे रखवालदारांनी मारहाण केली. जखम चिघळली, रक्तात विष भिनले आणि १३ ऑगस्टला, वयाच्या ४७ व्या वर्षी, ते गेले. दोन वर्षांनी इंग्रज शल्यविशारद लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक करण्याची पद्धत प्रसिद्ध केली.