डॉक्टर रखमाबाई

दवाखान्यात गेलेले माणूस घरी परत येत नाही, अशी धास्ती उरात बाळगणारी एखादी तरी आजी गंगाखेड, पाथरी किंवा जिंतूरकडील आपल्या पुष्कळ वाचकांनी स्वतःच्या घरी पाहिली असेल. आपण तिला हसतो. परंतु ती धास्ती एके काळी अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. इ. स. १८४७ मध्ये व्हिएन्ना येथील सेमेलवाइस नामक डॉक्टरांच्या ध्यानात आले की, शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी तसेच येऊन बाळंतिणींस तपासतात आणि त्या बिचाऱ्या ज्वराने दगावतात. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती करताच तेथील मृत्यू झपाट्याने घटले. पुढे १८६७ मध्ये लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखम शुद्ध राखण्याची रीत प्रसिद्ध केली. हे ज्ञान आपल्या देशातील पडद्याआडच्या स्त्रियांच्या खाटेपर्यंत ज्या थोड्या स्त्रियांनी पोहोचविले, त्यांपैकी डॉक्टर रखमाबाई या एक होत.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. त्या लहान असतानाच त्यांचे वडील जनार्दन पांडुरंग निवर्तले. त्यांच्या सुतार समाजात विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक असल्यामुळे मातोश्री जयंतीबाई यांनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. हे गृहस्थ नामांकित वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ असून १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. मुलीस पुस्तकांची गोडी लागली ती याच घरी. तथापि लोकरीतीस अनुसरून तिचे लग्न मात्र अकराव्या वर्षीच दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले.

यापुढील खटल्याची हकीकत अनेकांनी विस्ताराने लिहिली आहे; मी ती थोडक्यातच आटोपतो. रखमाबाई नांदावयास जाईनात, तेव्हा १८८४ मध्ये दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो काढून टाकला. परंतु अपिलात हा निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सासरी जावे अथवा सहा महिने तुरुंगात राहावे असा हुकूम दिला. बावीस वर्षांच्या त्या तरुणीने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेरीस १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. १८९१ चा संमतिवयाचा कायदा होण्यापूर्वी देशभर जो वाद माजला, त्यास या खटल्याने मोठेच इंधन पुरविले.

मला स्वतःला रखमाबाईंचा मोठेपणा या खटल्याहून त्याच्या नंतरच्या आयुष्यात अधिक दिसतो, आणि चरित्रकार नेमके तेथेच घाई करतात. मुंबईच्या कामा इस्पितळाच्या प्रमुख डॉक्टर ईडिथ पीची यांनी त्यांस वैद्यकीचा मार्ग दाखविला. त्यांच्या शिक्षणासाठी निधी जमला आणि १८८९ मध्ये त्या विलायतेस रवाना झाल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत अभ्यास पुरा करून १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि मायदेशी परतल्यावर १८९५ मध्ये सुरतेस स्त्रियांच्या दवाखान्याच्या मुख्य म्हणून रुजू झाल्या.

त्या काळचे बाळंतपण कसे असे, याची कल्पना आज येणे कठीण. घरातील सर्वांत काळोखी खोली, विटाळ म्हणून दिलेली जुनेरे, कोंडलेला धूर, आणि नाळ कापावयास हाती लागेल ते हत्यार! त्यातून धनुर्वात होऊन कित्येक अर्भके पहिल्या आठ-दहा दिवसांतच जात. प्रतिष्ठित घरची स्त्री तर पुरुष डॉक्टरास नाडीही दाखवीत नसे. दुखणे कोणा नातलगाने पडद्याबाहेर येऊन सांगावे आणि वैद्याने तेवढ्यावर औषध द्यावे! १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने जो निधी उभारण्यात आला, तो याच अडचणीसाठी.

दवाखाना होता, शिकलेली स्त्री डॉक्टर होती. परंतु बाळंतिणी येईनात. जिने नवऱ्याचे घर नाकारले, तिच्या हाती आपली सून कशी सोपवावी, हाही विचार सुरतेच्या सासवांच्या मनात आला असेल, असे मला वाटते. रखमाबाईंनी यावर जो उपाय केला तो मोठा मौजेचा होता. त्यांनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणविली आणि तिची सुखरूप सुटका करून ती व तिचे करडू लोकांस दाखविले, असे सांगतात. शेळी जगते तर आपणही जगू, एवढे समजावयास अक्षरओळख लागत नाही! त्यांनी त्या भित्र्या बायकांस अडाणी म्हणून झिडकारले नाही. भय डोळ्यांनी पाहून जावे अशी तजवीज केली. हळूहळू खाटा भरू लागल्या.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला आणि गुजरातेतही त्याचा फैलाव झाला. त्या संकटातील सेवेबद्दल सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. १९०४ मध्ये दादाजी वारले. ज्या विवाहाचे बंधन कोर्टात झिडकारले, त्याच विवाहाचे वैधव्य मानून रखमाबाई पांढरे पातळ नेसू लागल्या. हे वर्तन अनेकांस कोड्यात टाकते. मलाही त्याचा उलगडा झालेला नाही.

सुरतेस वीस वर्षांहून अधिक काळ काढल्यावर, सरकारी स्त्रीवैद्यक खात्यातील जागा नाकारून, १९१८ च्या सुमारास त्यांनी राजकोट संस्थानातील स्त्रियांच्या रुग्णालयाचे काम पत्करले आणि निवृत्तीपर्यंत तेथेच केले. रेड क्रॉस सोसायटीची तेथील शाखाही त्यांनीच सुरू केली. १९२९ मध्ये त्यांनी पडदा नाहीसा करण्याविषयी एक पुस्तिका लिहिली. काळोख्या खोल्यांतील रुग्ण पाहण्यात ज्यांचे सारे आयुष्य गेले, त्यांच्या हातून ती लिहिली जावी यात नवल ते काय? पुढील दिवस त्यांनी मुंबईत काढले आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला.