आबे फारिया : मनाचे कोडे उलगडणारे गोव्याचे धर्मगुरू



पणजीला गेलेल्यांनी जुन्या सचिवालयाशेजारचा एक पुतळा पाहिला असेल. झगा घातलेले एक धर्मगुरू हात पसरून उभे आहेत आणि समोर एक स्त्री निद्रिस्त होत आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचा हा पुतळा १९४५ साली उभारला गेला. ते धर्मगुरू म्हणजे आबे फारिया. त्यांच्या हातांतून काही शक्ती निघत असावी, असे पाहणाऱ्याला वाटते. फारियांनी मात्र नेमके याच्या उलट शिकवले.

जोझे कुस्तोदियो फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देशातील कांदोळी येथे झाला. पुढे आईवडील ख्रिस्तसभेच्या परवानगीने विभक्त झाले. वडील धर्मगुरू झाले, तर आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात धर्मभगिनी झाली. १७७१ मध्ये वडील मुलाला घेऊन लिस्बनला गेले. मुलाला १७८० साली रोममध्ये गुरुदीक्षा मिळाली.

एक आख्यायिका गोव्यात आजही सांगतात. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचनाला उभे राहिल्यावर तरुण फारियांची वाचाच बसली. तेव्हा वडिलांनी कोकणीत कुजबुजून, समोरचे सारे भाजीपाला आहेत असे समजून कापत सुट, असा धीर दिला आणि जीभ मोकळी झाली. खरेखोटे देव जाणे. पण एका शब्दाने शरीर कसे बदलते, हाच पुढे त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला.

१७८८ मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे मेस्मर नावाच्या वैद्याच्या मताचा बोलबाला होता. वैद्याच्या अंगातून एक अदृश्य चुंबकी द्रव रोग्यात शिरतो आणि रोग बरा होतो, असे ते मत. १७८४ मध्ये राजाने नेमलेल्या समितीने असा द्रव नसल्याचे सांगितले होते. तरीही रोग्यांना गुण का येतो, हा प्रश्न उरलाच.

१८१३ पासून फारिया लोकांसमोर प्रयोग करू लागले. माणसाला खुर्चीत स्वस्थ बसवायचे, डोळे मिटून झोपेचा विचार करायला लावायचे आणि मग ठाम आवाजात झोपण्याची आज्ञा द्यायची. अनेक जण खरोखर त्या निद्रेत जात. फारिया सांगत की यात माझी काही शक्ती नाही. जे घडते ते झोपणाऱ्याच्या एकाग्रतेमुळे. रक्त पातळ असलेल्यांना ही निद्रा लवकर येते, हे त्यांचे मत पुढे टिकले नाही. मूळ मुद्दा मात्र टिकला.

चुंबकवादी त्यांच्यावर चिडले, काही धर्मगुरूंना यात सैतानाचा हात दिसला. १८१६ मध्ये एका नाटकात त्यांची टर उडवली गेली. २० सप्टेंबर १८१९ रोजी मेंदूच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथ त्याच वर्षीचा. त्यांची कबर आज कोणालाच ठाऊक नाही.

पुढे नोबेल विजेते पोर्तुगीज मेंदूतज्ज्ञ एगास मोनिज यांनी १९२५ साली फारियांवर पुस्तक लिहिले. आज आपल्याला ठाऊक आहे की पायात काटा रुतला की चेतातंतू ती वार्ता मज्जारज्जूमार्गे मेंदूला देतात, आणि वेदना जाणवते ती मेंदूमुळे. संमोहनातील सूचनेने वेदनेचा त्रास कमी-अधिक होतो आणि तेव्हा मेंदूतील काही भागांचे कामही बदलते, हे १९९७ मधील मेंदूच्या चित्रणात दिसून आले.

आपल्या घरी कोणाला आकडी येते, कोणी विचित्र बोलू लागते, तेव्हा बाहेरची बाधा म्हणून अंगात शक्ती असल्याचे सांगणाऱ्याकडे धाव घेतली जाते. हे आजार बहुधा मेंदूचे व मनाचे असतात, आणि मेंदू ही देवाचीच निर्मिती आहे. रुग्णासाठी प्रार्थना जरूर करू या. पण त्याला वेळेवर डॉक्टरकडेही नेऊ या. लोक चमत्कार मानायला तयार असताना, हा माझा चमत्कार नव्हे असे सांगणारा धर्मगुरू आपल्याच मातीत जन्मला होता.