सर रॉबर्ट जोन्स : अपघातग्रस्तांचा शल्यविशारद

रॉबर्ट जोन्स यांचा जन्म १८५७ मध्ये वेल्समधील ऱ्हिल येथे झाला. लिव्हरपूलला नात्यातील ह्यू ओवेन थॉमस यांच्या हाताखाली त्यांनी अस्थिभंगावरील उपचार आत्मसात केले. १८८८ मध्ये मँचेस्टर जहाज कालव्याच्या बांधकामावर ते शल्यविशारद म्हणून रुजू झाले. सुमारे ५८ किलोमीटरच्या या कामावर हजारो मजूर राबत. माती ढासळून वा वाघिणीखाली सापडून पाय मोडणे नित्याचेच होते. मार्गावरील प्रथमोपचार केंद्रे व तीन रुग्णालये जोन्स यांनी एका सूत्रात गुंफली. जखमींना कामाच्याच रेल्वेने तेथे आणले जाई. अपघातोपचाराची अशी सर्वांगीण व्यवस्था जगातील पहिलीच मानली जाते.

पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेले सैनिक वाटेतच मोठ्या संख्येने दगावत. थॉमस यांनी तयार केलेली आणि त्यांच्या हयातीत उपेक्षितच राहिलेली लोखंडी कड्याची खपची आघाडीवरच, बूट न काढता, बांधावी असा जोन्स यांचा आग्रह होता. तो मानला गेला आणि मृत्यू लक्षणीय घटले.

१९३३ मध्ये जोन्स निवर्तले. कालव्यावरचा धडा नागरी रुग्णालयांनी मात्र सावकाशच गिरवला. बर्मिंगहॅमला केवळ अपघातग्रस्तांसाठी रुग्णालय निघाले, ते १९४१ मध्ये.