डॉसवाला जुना पीसी आजही इंटरनेटला का जोडता येतो? भेटा जॉन पोस्टेलला

तुमच्या फोनला काही वर्षं झाली की अपडेट बंद होतात. मग ॲप्स कुरकुरायला लागतात. पण १९८१ सालचा आयबीएम पीसी, ४.७७ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, काळ्या स्क्रीनवर डॉस... हा आजच्या घरगुती राउटरला जोडता येतो! गंमत नाही, हौशी लोक खरंच जोडतात.

करायचं एवढंच: पीसीच्या स्लॉटमध्ये जुनं नेटवर्क कार्ड बसवायचं आणि राउटरपर्यंत लॅन केबल ओढायची. मग कार्डाचा पॅकेट ड्रायव्हर लोड करायचा. हा छोटा प्रोग्राम कार्ड आणि सॉफ्टवेअर यांच्यातला दुभाषी असतो. त्यावर एमटीसीपी नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवलं, की पीसी राउटरकडे पत्ता मागतो आणि राउटर मुकाट्याने देतो.

एवढ्या म्हाताऱ्या मशीनची भाषा आजच्या राउटरला कळते कशी? कारण त्या भाषेचे मूळ नियम फारसे बदललेले नाहीत. ते नियम नीट लिहून ठेवणारा माणूस म्हणजे जॉन पोस्टेल.

नंबर सांभाळणारा विद्यार्थी

जॉनचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातला. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात तो शिकत होता, तेव्हाच १९६९ मध्ये तिथे इंटरनेटचा पूर्वज, अर्पानेट, सुरू झालं. नेटवर्कचे नियम ठरवण्यासाठी हे विद्यार्थी आणि संशोधक एकमेकांना टिपणं पाठवायचे. या टिपणांना आरएफसी म्हणतात. ती तपासायची, क्रमांक द्यायचा, जपून ठेवायची, हे काम जॉनने अंगावर घेतलं आणि मरेपर्यंत केलं.

१९७२ मध्ये त्याने सुचवलं, की कुठल्या सेवेला कोणता नंबर हे एकाच माणसाने ठरवावं, नाहीतर गोंधळ होईल. तो माणूस म्हणून त्याने स्वतःचंच नाव पुढे केलं. पुढे ईमेलला २५, वेबला ८० असे पोर्ट नंबर याच यादीत आले. नंतर या कामाला आयाना असं नाव मिळालं, पण कित्येक वर्षं आयाना म्हणजे मुख्यतः जॉनच! लांब दाढी, पायात सँडल, सुट्टी मिळाली की डोंगरात भटकंती, असा त्याचा अवतार.

सप्टेंबर १९८१

आयबीएम पीसी आणि डॉस ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आले. पुढच्याच महिन्यात आयपी आणि टीसीपी यांची नियमावली प्रसिद्ध झाली, जॉनच्या संपादनाखाली. मूळ कल्पना व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांची. पण कोणता बिट कुठे बसेल, पाकीट हरवलं तर काय करायचं, हे कुणालाही वाचून प्रोग्राम लिहिता येईल इतकं स्पष्ट मांडलं ते या कागदांनी. जॉनचा एक नियम फार गाजला: आपण पाठवताना काटेकोर राहायचं, दुसऱ्याकडून घेताना थोडं सांभाळून घ्यायचं. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट या नव्या नियमांवर आलं.

देशांची दोन अक्षरी डोमेनही आयानाच द्यायची. भारताचं डॉट इन १९८९ मध्ये मिळालं. त्याचा कारभार बरीच वर्षं मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतून चालायचा.

एक ईमेल आणि खळबळ

नव्वदीत डोमेन नावांमध्ये पैसा आला. मालकी कोणाची यावर भांडण पेटलं. २८ जानेवारी १९९८ ला जॉनने नावांची मूळ यादी ठेवणाऱ्या आठ सर्व्हरच्या चालकांना ईमेल केला: यादी यापुढे अमेरिकन सरकारच्या कंत्राटी कंपनीऐवजी माझ्याकडून घ्या. आठही जणांनी ऐकलं! सामान्य माणसाला काहीच जाणवलं नाही, पण व्हाइट हाउस हादरलं. दबाव आला. जॉनने ही चाचणी होती असं सांगून सगळं पूर्ववत केलं.

त्याचं बरोबर होतं का? यावर आजही वाद होतो. पण एक गोष्ट उघड झाली: जगाचं नेटवर्क एका माणसावरच्या भरवशावर चाललं होतं. म्हणून हे काम सांभाळायला आयकॅन ही संस्था उभी राहिली, तीही जॉनच्याच धडपडीतून. ती स्थापन होऊन महिनाही झाला नव्हता, तोच १६ ऑक्टोबर १९९८ ला हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर जॉन गेला. वय फक्त ५५.

मग डॉसवर इन्स्टाग्राम चालेल?

नाही. आजच्या साइट्सचं एन्क्रिप्शन त्या प्रोसेसरला झेपत नाही. पण टेलनेट, एफटीपी, चॅट चालतं. इंटरनेटच्या दारातून आत यायला जुन्या पीसीला आजही मनाई नाही. ते दार सगळ्यांच्या मापाचं राहिलं, यात या दाढीवाल्याचा वाटा मोठा आहे.

आता वायफाय सेटिंगमध्ये जाऊन आयपी ॲड्रेस बघा. टिंब देऊन लिहिलेले चार आकडे दिसले, तर तो पत्ता १९८१ च्या त्याच नियमावलीतला आहे.