लघवीच्या वाटेनंच खडा फोडणारा डॉक्टर, ज्याच्यामुळे प्रोस्टेटचं ऑपरेशन सोपं झालं

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर रात्रीतून चार-चार वेळा बॅटरी घेऊन बाहेर जाणारे आजोबा भेटतात. लघवी अडखळत होते, धार बारीक झालेली असते. विचारलं तर म्हणतात, वय झालं. ऑपरेशनचं नाव काढलं की विषय संपतो. पोट फाडतील, महिनाभर पडून राहावं लागेल, मजुरी बुडेल, ही भीती असते.

ही भीती कमी करणाऱ्या माणसाची ही गोष्ट. नाव जाँ सिव्हियाल.

1792 साली फ्रान्सच्या ओव्हेर्न्य या डोंगराळ भागातल्या तिएझाक परिसरात तो जन्मला. डॉक्टर व्हायला पॅरिसला आला आणि ड्यूपुइत्रान या नावाजलेल्या सर्जनच्या हाताखाली शिकला.

त्या काळी मूत्राशयातला खडा म्हणजे नरकयातना. तो काढायचा तर माणसाला घट्ट बांधायचं, मांड्यांच्या मधे चिरा द्यायचा आणि चिमट्यानं खडा ओढायचा. भूल नव्हतीच, ती 1846 नंतर आली. शंभरातले जवळपास वीस जण दगावायचे.

सिव्हियालला प्रश्न पडला, लघवी बाहेर येते त्याच वाटेनं आत का जाऊ नये?

आधी त्यानं औषध सोडून खडा विरघळवता येईल का, ते पाहिलं. जमलं नाही. मग त्यानं सरळ धातूची नळी बनवली. नळी मूत्राशयात पोचली की तिच्या टोकाचे तीन पंजे उघडायचे आणि खडा पकडायचे. मधून सुताराच्या गिरमिटासारखी सळी फिरवून खड्याला भोकं पाडायची. खडा फुटला की चुरा लघवीवाटे बाहेर.

जानेवारी 1824 मध्ये पॅरिसला अकादमीच्या डॉक्टरांसमोर त्यानं हे जिवंत रुग्णावर करून दाखवलं. काही बैठकांत खडा फुटला. चिरा नाही, टाके नाहीत.

नाव झालं तसे दावेदारही उभे राहिले. यंत्र आधी आपल्याला सुचलं, असं लेरुआ द एत्योल आणि इतर सर्जन म्हणू लागले. हा वाद वर्षानुवर्षं चालला.

सिव्हियालनं मात्र आकडे गोळा केले. युरोपभरातल्या हजारो ऑपरेशनांची नोंद मांडली. जुन्या पद्धतीत शंभरात एकोणीस-वीस मृत्यू, नव्या पद्धतीत दोन-तीन. 1835 साली हा अभ्यास विज्ञान अकादमीपुढे आला. आकडेवारीवरून एकेका रुग्णाचं ठरवता येत नाही, असा आक्षेप अकादमीच्या समितीनं घेतला. पण कुठला उपचार चांगला हे मोठ्या डॉक्टरच्या शब्दावर न ठरवता मोजून ठरवायचं, या विचाराला त्यानं बळ मिळालं.

पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात त्याला अशा रुग्णांसाठी खाटा मिळाल्या. जगातला पहिला यूरॉलॉजी विभाग म्हणून त्याचा उल्लेख होतो. 1867 साली सिव्हियाल वारला.

आता प्रोस्टेटशी याचा संबंध काय?

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली पुरुषांची ग्रंथी. वयानुसार ती वाढते आणि लघवीची नळी दाबते. लघवी आत साचून राहिली की मूत्राशयात खडेही होतात. मूत्राशयाच्या तोंडाशी आलेला असा अडथळा आतूनच कापायचं हत्यारही सिव्हियालनं बनवलं होतं. तेव्हा आत उजेड नव्हता, सगळं अंदाजानं चालायचं. पुढे दुर्बीण आली, विजेचा दिवा आला. 1926 साली अमेरिकेत मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी दुर्बिणीतून बघत विजेच्या तारेनं प्रोस्टेट कापायचं यंत्र आणलं. आजची टीयूआरपी त्यातूनच घडली. आता लेझरही आहे. काही ठिकाणी वाफेनं ग्रंथी आकसवतात किंवा बारीक क्लिपांनी ती बाजूला ओढून धरतात.

या उपचारांत पोटावर चिरा नसतो. बहुतेकांना थोड्याच दिवसांत घरी सोडतात, काहींना त्याच दिवशी. अनेकांचं तर गोळ्यांवरच भागतं.

जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात आधी दाखवता येतं. ऑपरेशन लागलं तर नाशिक किंवा ठाणे-मुंबई गाठावी लागू शकते. त्यामुळे उशीर न केलेला बरा. लघवी पूर्ण अडली तर ती इमर्जन्सी, सकाळची वाट पाहू नका. लघवीतून रक्त आलं तरी लगेच दाखवा.

आणि आजोबांना एवढं सांगा, पोट फाडल्याशिवाय इलाज नाही, ही आता जुनी गोष्ट झाली.