डॉ. कमल रणदिवे आणि ‘ईआर’चा रिपोर्ट

स्तनाच्या कर्करोगाच्या रिपोर्टमध्ये ‘ईआर पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले दिसले की घरचे लोक घाबरतात. आपल्याकडे ‘पॉझिटिव्ह’ शब्दाचीच धास्ती आहे. येथे मात्र ही बातमी बऱ्याचदा दिलाशाची असते. त्यामागचा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर अभ्यासला, त्या डॉ. कमल रणदिवे यांची ओळख आज करून घेऊ.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलीने डॉक्टर व्हावे ही वडिलांची इच्छा. कमलताई मात्र वनस्पतिशास्त्राकडे वळल्या आणि एम.एस्सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी अभ्यासल्या. १९३९ मध्ये गणिताचे अभ्यासक रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या. डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या. परतल्यावर मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी तशी प्रयोगशाळा उभी केली.

स्तनाचा कर्करोग का होतो, हा त्यांचा मुख्य विषय. उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांवर प्रयोग करून त्यांनी आनुवंशिकता आणि संप्रेरके यांचा या रोगाशी असलेला संबंध तपासला.

हाच संबंध आज प्रत्येक रुग्णाच्या गाठीत तपासता येतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पेशीतील एका प्रथिनाला चिकटते. हे प्रथिन म्हणजेच ईआर. ते डीएनएवर बसून पेशीच्या वाढीची जनुके चालू करते. प्रयोगशाळेत तयार केलेले प्रतिपिंड नेमके याच प्रथिनाला पकडते. त्यावर रंगद्रव्याची प्रक्रिया केली की पेशीचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी दिसते. एक टक्का किंवा अधिक कर्कपेशींची केंद्रके रंगली, तर रिपोर्ट पॉझिटिव्ह. अशा रुग्णाला टॅमॉक्सिफेनसारख्या, संप्रेरकाचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्यांचा उपयोग होऊ शकतो. हे उपचार साधारणपणे किमान पाच वर्षे चालतात.

पण प्रतिपिंड कितीही चांगले असले, तरी गाठ नीट जपलेली हवी. काढलेली गाठ तासाभराच्या आत पुरेशा फॉर्मालिनमध्ये जायला हवी. ती नुसत्या सलाइनमध्ये ठेवून दिली किंवा उशीर झाला, तर प्रथिन खराब होते आणि रिपोर्ट चुकून निगेटिव्ह येऊ शकतो. मग उपयोगी पडणारी गोळी रुग्णाला मिळतच नाही.

कमलताईंनी १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचे आणि आरोग्याचे काम केले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

घरात कोणाची गाठ काढली जाणार असेल, तर दोन गोष्टी आधीच विचारून ठेवा: गाठ फॉर्मालिनमध्ये जाणार आहे ना, आणि ईआर तपासणी होणार आहे ना? रिपोर्ट आणि मेणाचा ब्लॉक मात्र जपून ठेवा. पुढे कधीही फेरतपासणी लागू शकते.